दिलारामची मात

पुण्याहून अहिल्यानगरास जाणाऱ्या हमरस्त्यावर, पारनेर तालुक्यात, सुपा नावाचे गाव आहे. इतिहासाच्या वाचकास हे नाव ऐकताच शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे-सुपे आठवावयाचे. परंतु ते सुपे बारामती तालुक्यातील, हे निराळे. ह्या सुप्याच्या परिसरातील माळांवर आज पवनचक्क्या फिरताना दिसतात, आणि गावाशेजारी कारखान्यांची वसाहत उभी आहे. अशा ह्या गावी एका निवृत्त शिक्षकांच्या ओसरीवर गेल्या हिवाळ्यात एक संध्याकाळ प्रस्तुत लेखकाने बुद्धिबळाच्या पटासमोर घालविली. डाव नवा नव्हता. किंबहुना बुद्धिबळाच्या वाङ्मयात त्याच्याइतके जुने आणि त्याच्याइतके प्रसिद्ध कूट दुसरे क्वचितच सापडेल. पण त्या संध्याकाळी त्याचे उत्तर जसे निघाले तसे निघेल अशी माझी कल्पना नव्हती. म्हणून ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

कुटाची कथा फारसी परंपरेतून आली आहे. एक उमराव बुद्धिबळाच्या नादी लागून सर्वस्व हरला. शेवटी त्याने आपली पत्नी दिलाराम हिलाच पणास लावले. दिलाराम म्हणजे हृदयाचा विसावा. नाव असे, आणि वेळ ही! दिलाराम स्वतः उत्तम खेळणारी होती, आणि पडद्याआडून पट पाहत होती. डाव असा फिरला की पुढच्याच चालीस उमरावावर मात व्हावी. तो हताश होऊन बसला असता आतून तिचा आवाज आला. दोन्ही हत्ती गेले तर जाऊ द्यावेत, आपल्याला मात्र जाऊ देऊ नये, आणि शेवट घोड्याकडून करवावा, अशी खूण तिने पतीस दिली. त्याला वाट दिसली. डाव जिंकला, आणि दिलाराम घरीच राहिली. कथेत सत्य किती आणि रचना किती हा प्रश्न बाजूस ठेवू. जुन्या अरबी-फारसी हस्तलिखितांतून आढळणारी ती पटस्थिती मात्र खरी आहे, आणि तिच्याविषयी वाद नाही.

वाचकांनी पट पुढे घ्यावा. उभ्या पट्ट्यांना पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह अशी नावे द्यावीत, आणि आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ अशा मोजाव्यात. पांढऱ्याचा राजा ड१ वर. हत्ती ह१ आणि ह४ वर. घोडा ग४ वर. प्यादी फ६ आणि ग६ वर. आणि ह३ वर एक मोहरे, ज्याचे नाव तूर्त आपण ‘पील’ असे ठेवू. काळ्याकडे राजा ग८ वर आणि दोन हत्ती अ२ व ब२ वर, इतकेच सैन्य. काळ्याचा बेत उघड आहे. ब२ वरील हत्तीने दुसरी ओळ अडवून धरली आहे. अ२ वरचा हत्ती अ१ वर उतरला की पांढऱ्या राजाची मात झालीच. चाल पांढऱ्याची आहे, आणि त्याला एका क्षणाचीही उसंत नाही. प्रत्येक चाल शहाचीच हवी.

शिक्षकांनी मोहरी मांडली. एक पांढरा हत्ती कधीच हरवला होता, त्याच्या जागी चिंचोका आला. मग मी उत्तर सांगू लागलो, कारण ते मला पाठ होते.

पहिली चाल : ह४ वरचा हत्ती ह८ वर, शह. काळ्या राजास पळावयाला घर नाही. फ७ आणि ह७ ही घरे ग६ च्या प्याद्याने रोखली आहेत, ग७ हे फ६ च्या प्याद्याने, आणि फ८ वर त्याच हत्तीची नजर आहे. हत्ती मारणे एवढेच राजाच्या हाती उरते. एक हत्ती गेला. दुसरी चाल : ह३ वरचा पील फ५ वर. तो बाजूस होताच मागे ह१ वर उभा असलेल्या हत्तीची वाट मोकळी होते, आणि राजास उघडा शह बसतो. काळा आपला ब२ वरचा हत्ती ह२ वर आणून मध्ये घालील. तिसरी चाल : ह१ चा हत्ती तो मारतो, पुन्हा शह, राजा ग८ वर. चौथी : हाच हत्ती ह८ वर, शह, राजाने तोही मारावा, कारण दुसरा उपाय नाही. दुसरा हत्तीही गेला. पाचवी : ग६ चे प्यादे ग७ वर, शह. ते प्यादे मारता येत नाही, फ६ चे प्यादे त्याच्या पाठीशी आहे. ह७ वर जाता येत नाही, ते घर फ५ वरच्या पिलाच्या टप्प्यात आहे. राजा ग८ वर परततो. सहावी : ग४ चा घोडा ह६ वर. मात! काळ्याने मध्ये हत्ती घातला नसता तर हीच मात एक चाल आधी झाली असती.

शिक्षक खूष झाले. आयुष्यभर त्यांनी मुलांना त्यागाचे धडे शिकविले होते, आणि त्यागाला असे नेटके चित्र त्यांना पूर्वी कधी मिळाले नसावे. इतक्यात त्यांची शाळेत जाणारी नात, जी इतका वेळ उंबऱ्यावर बसून पाहत होती, म्हणाली, “आजोबा, उंट घोड्यावरून उडी मारतो का?”

प्रश्न अगदी रास्त होता. ह३ आणि फ५ ह्या घरांच्या मध्ये ग४ आहे, आणि ग४ वर पांढऱ्याचा स्वतःचाच घोडा उभा आहे. आपल्या पटावर राजा आणि वजिराच्या बाजूस जो उंट असतो, त्याच जागचे हे मोहरे. आणि आपला उंट तिरपा कितीही दूर जात असला तरी कोणाला ओलांडून जात नाही. मग सहाशे वर्षांहून अधिक काळ लोक ज्याची वाखाणणी करीत आले ते उत्तर चुकीचे की काय? ह्याचे उत्तर पटावर मिळत नाही. त्यासाठी इतिहासात जावे लागते.

चतुरंग हा खेळ भारतातून इराणात गेला. बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त, म्हणजे इसवी सनाच्या सातव्या शतकात, अष्टापदाच्या पटाचा आणि चतुरंगाचा श्लेष आढळतो. फिर्दौसीने ‘शाहनाम्या’त कथा सांगितली आहे ती अशी, की हिंदुस्थानच्या राजाने हा पट नौशेरवानाच्या दरबारी नियम न सांगता पाठविला, आणि बुजुर्जमिहर ह्या मंत्र्याने तो स्वबुद्धीने उलगडला. म्हणजे परंपरेच्या दृष्टीने हा खेळ इराणात पाऊल टाकतो तोच मुळी कूट म्हणून. चतुरंगाचे शतरंज झाले. सैन्याच्या चार अंगांपैकी हत्तीला इराणी ‘पील’ म्हणू लागले. अरबांच्या लिपीत ‘प’ नाही, म्हणून त्याचा ‘फील’ झाला. आणि पुढे स्पेनमध्ये ‘अल्‌फील’ हेच नाव त्या मोहऱ्यास चिकटून राहिले. ह्या पिलाची चाल ठरलेली होती : तिरपे बरोबर दोन घर, आणि मधल्या घरात कोणी असो वा नसो, त्यावरून उडी. ह३ वरून फ५ वर तो सहज जातो. दिलारामचे उत्तर ज्या नियमांत मांडले गेले त्या नियमांत ते निर्दोष आहे.

ह्या चाली सर्व देशांत आणि सर्व काळी एकच होत्या असेही नाही. सुमारे १०३० साली अल्‌-बेरूनीने हिंदुस्थानाविषयी जो ग्रंथ लिहिला त्यात चौघांनी फासे टाकून खेळावयाच्या बुद्धिबळाचे वर्णन आहे. तेथील हत्ती एक घर समोर किंवा चार कोपऱ्यांकडे एक घर चालतो. ही पाच घरे म्हणजे हत्तीची सोंड व चार पाय, असा त्याचा खुलासा आहे. अल्‌-बेरूनीनंतर शंभर वर्षांनी कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला. त्यातील क्रीडाप्रकरणातही चतुरंगास स्थान आहे. पुढे मराठी पटावर हत्ती कोपऱ्यात जाऊन सरळ धावू लागला आणि त्याची मूळची जागा उंटाने घेतली. एकाच प्राण्याच्या नावाखाली इतक्या निराळ्या चाली होऊन गेल्या! वजिराची गत ह्याहून विलक्षण. जुन्या शतरंजात तो राजाशेजारी उभा असे, पण तिरपे एकच घर सरके. प्यादे शेवटच्या घरी पोचून फर्जी होई ते ह्याच दुबळ्या पदवीचे.

मोठा बदल घडला तो युरोपात. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत स्पेनमध्ये वजिराच्या जागी आलेल्या राणीला सर्व दिशांनी धावण्याची मुभा मिळाली, आणि पिलाची उडी जाऊन त्यास लांब तिरपी धाव मिळाली. १४९७ साली सालामांका येथे छापलेल्या लुसेनाच्या ग्रंथात नव्या रीतीचे डाव जुन्या रीतीच्या कुटांशेजारी आढळतात. ह्या काळाचे भान आपल्या मुलखाच्या इतिहासावरून चांगले येते. १४९० साली मलिक अहमदाने अहमदनगर वसविले. त्यानंतर सात वर्षांनी लुसेनाचे पुस्तक निघाले. आणि आणखी एका वर्षाने वास्को द गामा कालिकतला उतरला. म्हणजे सुप्यापासून काही कोसांवर निजामशाहीची राजधानी उभी राहत होती, त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला मोहऱ्यांचे पाय बदलत होते.

निजामशाहीच्या आणि तिच्या शेजारच्या दरबारांच्या काळात फारसी शब्द मराठीत भरभरून आले. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून कारभाराच्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले खरे. परंतु पटावरील शह आणि मात मराठीतून हलले नाहीत. आजही कोणी कोणास शह देतो, कोणी काटशह देतो, कोणी संकटावर मात करतो. आणि बोलणाऱ्यास आपण बुद्धिबळाच्या पटावर उभे आहोत ह्याची जाणीवही नसते. आपल्या मोहऱ्यांची नावेच पाहा. राजा संस्कृत, वजीर अरबी, प्यादे फारसी, आणि हत्ती, घोडा, उंट हे घरचे. भाषेने जे जसे आले तसे ठेवून घेतले.

ह्याच प्रदेशाचा आणखी एक धागा येथे सांगण्याजोगा आहे. पैठणचे भट्ट घराणे सोळाव्या शतकात काशीस जाऊन स्थायिक झाले. रामेश्वर भट्टांचे पणतू आणि शंकर भट्टांचे पुत्र नीलकंठ भट्ट ह्यांनी भगवंतदेव ह्या सेंगर राजाच्या आश्रयाने ‘भगवन्तभास्कर’ हा बारा मयूखांचा धर्मशास्त्रग्रंथ रचला. महामहोपाध्याय काणे ह्यांनी त्यांचा काळ सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात धरला आहे. ह्या ग्रंथाच्या ‘नीतिमयूखा’त, राजनीतीच्या विवेचनात, बुद्धिबळाच्या खेळाचे नियम दिले आहेत. जर्मन पंडित वेबर ह्यांनी एकोणिसाव्या शतकात त्याकडे युरोपचे लक्ष वेधले, आणि १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या मरे ह्यांच्या बुद्धिबळाच्या बृहद् इतिहासात त्याची चर्चा आली. गोदाकाठच्या घराण्यातील एक धर्मशास्त्री दान, श्राद्ध आणि व्यवहार ह्यांच्या जोडीने पटावरच्या चालींचेही नियमन करतो, ह्यावरून ह्या खेळास आपल्याकडे केवढी प्रतिष्ठा होती ते कळून येईल.

युरोपीय चाली आपल्याकडे आल्या त्या इंग्रजांबरोबर, आणि काही काळ दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदल्या. देशी रीतीत प्यादे पहिल्या चालीसही एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह न बसलेल्या राजास एकदा घोड्याची चाल मिळे. आणि प्यादेमात ही मोठ्या प्रतिष्ठेची मात समजली जाई. १८१४ साली, पुण्यास दुसरा बाजीराव गादीवर असता, मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री ह्यांच्या ‘विलासमणिमंजरी’ ह्या संस्कृत रचनेचे ते भाषांतर. त्यात मुख्यतः पटावरील बिकट स्थिती आणि त्यांची उत्तरे आहेत. आणि युरोपीय रीतीस जुळवून ती दिली आहेत, असे त्याच्या मुखपृष्ठावरच सांगितले आहे. नियम बदलले तर स्थितीही पुन्हा तपासली पाहिजे, हे त्या शास्त्रीबोवांना पुरते उमगले होते.

हे सर्व मी त्या मुलीला थोडक्यात सांगितले. पील उडी मारीत असे, म्हणून दिलाराम वाचली, आज ती वाचली नसती, असा समारोपही केला. शिक्षकांनी मान डोलावली. मुलगी मात्र पटावरून हलली नाही. पहिली चाल तिने तशीच ठेवली : हत्ती ह८ वर, राजाने तो मारला. मग तिने ह३ वरचा उंट उचलला, आणि फ५ कडे न नेता मागे, ग२ वर ठेवला. ह१ च्या हत्तीची वाट मोकळी झालीच, शह बसलाच. आणि आता काळ्याला ब२ वरचा हत्तीही मध्ये घालता येईना, कारण ग२ वरच्या उंटाने दुसरी ओळ तोडली होती. राजा ग८ वर गेला. तिने उंट ग२ वरून ड५ वर नेला : लांब तिरपी धाव, पुन्हा शह. परत ह८ वर यावे तर ती पट्टी हत्तीच्या ताब्यात. म्हणून राजा फ८ वर. मग ह१ चा हत्ती ह८ वर, आणि मात. इ७ व ग७ फ६ च्या प्याद्याने बंद, फ७ ग६ च्या प्याद्याने, ग८ उंट आणि हत्ती दोघांनी, आणि इ८ हत्तीच्याच रेषेत.

मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिले. उत्तर बिनचूक होते. चार चालींत मात, आणि गेला तो एकच हत्ती. दुसरा तर शेवटचा घाव घालणारा ठरला. घोड्यास हलावेही लागले नाही. इतकी वर्षे मी हे कूट इतरांना सांगत आलो. जुन्या उत्तराच्या थाटात इतका रमलो, की आजच्या नियमांनी ह्या स्थितीतून काय निघते हे एकदाही पाहिले नाही. ग४ वरचा घोडा उंटाच्या वाटेत आहे एवढे दिसताच मी वाट संपली असे धरून चाललो. तिला जुने उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून ते तिच्या वाटेत आले नाही.

ह्यावरून जुने उत्तर खोटे ठरत नाही, हे ध्यानात ठेवावे. जो डाव ज्या नियमांत मांडला तो त्याच नियमांत सोडविला पाहिजे; पिलाला उंट समजून दिलारामला चूक म्हणणे हा इतिहासावर अन्याय होईल. पण नियम बदलल्यावरही जुन्याच त्यागाचा आग्रह धरणे, हाही अन्यायच, तो वर्तमानावर. कालच्या माणसास जे दोन हत्ती देऊन मिळाले ते आज एका हत्तीत मिळत असेल, तर दुसरा हत्ती द्यावयास लावण्यात कोणता धर्म?

आणि ह्या कथेत डावाहून मोठी एक गोष्ट आहे, जी आपण सहसा बोलून दाखवीत नाही. डाव सोडविला कोणी? उमरावाने नव्हे. जी पणास लागली होती तिने. द्यूतसभेत पणास लावलेल्या द्रौपदीनेही प्रश्नच विचारला होता, आणि भीष्मांसारख्यांना त्याचे उत्तर देता आले नव्हते. दिलारामला पटावरचे उत्तर दिसत होते, परंतु मोहऱ्यास हात लावण्याचा अधिकार नव्हता. तिला पडद्याआडून सुचवावे लागले. उत्तम खेळणारी बाहेर, आणि हरणारा पटावर, हा त्या घराचा नियम होता.

हा नियमही बदलला, पण आपोआप बदलला नाही. १९७४ साली भारतात पहिली राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धा भरली. ती नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांच्या घराण्यातील वासंती खाडिलकर ह्यांनी जिंकली. १९७६ साली त्यांची बहीण रोहिणी, शाळकरी वयाची मुलगी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळावयास बसली, तेव्हा मोठा गदारोळ उठला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष, पूर्वीचे जगज्जेते मॅक्स युवे, ह्यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. वजिराची चाल पंधराव्या शतकात बदलली. दिलारामची बदलावयास विसावे शतक उजाडावे लागले. १९८१ साली रोहिणी खाडिलकर आशियाई महिला विजेत्या झाल्या. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर बसल्या त्या दोघीही भारतीयच. कोनेरू हम्पी ह्यांना हरवून नागपूरच्या दिव्या देशमुख ह्यांनी एकोणिसाव्या वर्षी तो चषक मिळविला, आणि त्याबरोबरच ग्रँडमास्टर ही पदवीही.

सुप्याच्या त्या ओसरीवर दिवे लागले होते. शिक्षक बराच वेळ पटाकडे पाहत बसले होते. मग त्यांनी ह८ वरचा चिंचोका उचलला, कारण मात करणारा हत्ती तोच निघाला होता, आणि नातीला म्हणाले, “आता पुन्हा मांड. ह्या वेळी काळी मी घेतो.” मुलीने मोहरी मांडली, आणि पांढऱ्याच्या बाजूस येऊन बसली.